इंदूअक्कांनी माहेर सोडलं नव्हतं

अक्का गेल्याची बातमी मला शाळेत कळली. भुसावळच्या आमच्या शाळेत सहामाहीचे पेपर चालू होते, मी वर्गात फेऱ्या मारत होते आणि शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, धुळ्याहून फोन आहे." फोनवर मोहनभाऊ होते, आमच्या पक्षाचे जिल्ह्याचे चिटणीस. "सुमनताई, अक्का गेल्या," एवढंच म्हणाले. एका वाक्यावर थांबलेले मोहनभाऊ मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. हृदयविकार म्हणे. पहाटे उठून चूल पेटवायला बसल्या आणि तिथेच कलंडल्या. मी पेपर दुसऱ्या बाईंच्या हाती दिले, अंगावरच्या साडीनिशी स्टेशनवर गेले आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचले. वाटेत रडू आलं नाही. डोक्यात एकच, की आता मला "ए सुमन, तुझं चुकतंय" असं तोंडावर कोण सांगणार...

हा लेख मी लिहिणार नव्हते. लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना ते छान जमतं. पण मागच्या आठवड्यात जळगावला शोकसभा झाली. तिथे एक मोठे वक्ते, अक्कांना आयुष्यात दोनदा भेटले असतील नसतील, आवाज कापरा करून म्हणाले की इंदूअक्कांनी चळवळीसाठी घरदार सोडलं, माहेर सोडलं, सारं सारं सोडलं! टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... असो. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबून धरला म्हणून, नाहीतर मी तिथेच उठून उभी राहिले असते. अहो, कसलं माहेर सोडलं! ते माहेर पक्षाच्या पायी त्यांच्या हातून गेलं होतं. ते परत मिळवण्यासाठी ती बाई भर उन्हात, गावादेखत शिव्या खात उभी राहिली. मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं लिहिते आणि थांबते.

अक्कांचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. नाव मुद्दाम लिहीत नाही, गावातल्यांना ते आवडायचं नाही. गावाच्या अलीकडे नदी. उन्हाळ्यात तिच्यातून चालत जावं, पावसाळ्यात तिकडचे तिकडे आणि इकडचे इकडे. बाळंतीण अडली की खाटेवर घालून, खांद्यावर उचलून नदी पार करायची. त्यामुळे गावाची मागणी एकच होती, नदीवर फरशी बांधा. फरशी म्हणजे बुटका पूल, पूर आला तर वरून पाणी जाणार, ओसरला की वाट मोकळी. काही ताजमहाल मागत नव्हते हो. अक्का लग्न होऊन धुळ्याला आल्या. यजमान प्राथमिक शाळेत गुरुजी, अतिशय शांत. अक्का अजिबात शांत नव्हत्या. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीवरून कुठल्याशा मोर्चात गेल्या आणि मग पक्षाच्याच होऊन बसल्या. आमचा पक्ष केवढा, तर एक जीप, एक कर्णा आणि पुष्कळ पुस्तकं.

तर साठ सालानंतरच्या त्या वर्षांत जिल्हा परिषदेची एक निवडणूक आली. अक्कांच्या माहेराकडच्या गटातून आमच्या पक्षाने एक तरुण उभा केला. चांगला शिकलेला, बोलायला मिठ्ठास. अक्का त्याला घेऊन माहेरी गेल्या. त्यांचा थोरला भाऊ हिंमतभाऊ, शेतकरी माणूस, गावात शब्दाला मान. बहीण-भाऊ दोघं 'फरशी होईल' असा शब्द देत घरोघर फिरले. "इंदूचा शब्द तो माझा शब्द," हिंमतभाऊ पारावर म्हणाले. गावाने झाडून मतं दिली. तो निवडून आला, गुलाल उधळला, आणि पुढच्या महिन्यात सभापतिपद मिळतंय म्हटल्यावर गडी सरकारपक्षात! त्याचं नाव लिहिण्यात मी शाई घालवणार नाही. फरशीचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही. आम्ही धुळ्यात निषेधाचा ठराव केला, पत्रक काढलं, मोहनभाऊंनी त्यात 'संधिसाधू' हा शब्द तीनदा घातला आणि आमच्यापुरतं ते प्रकरण मिटलं.

गावापुरतं मिटलं नाही. पारावर लोक अहिराणीत हिंमतभाऊंना विचारायचे, "हिंमत, तुनी बहीनना मानूस कोठे शे?" म्हणजे तुझ्या बहिणीने निवडून आणलेला तो माणूस कुठे आहे? हसत हसत विचारायचे, पण विचारायचे. पहिल्या पावसाळ्यात एक पोर तापाने फणफणलं, पाण्याला उतार नव्हता, पोर गेलं. त्यानंतर हसून विचारणंही बंद झालं. हिंमतभाऊ पारावर जायचे थांबले. आणि त्यानंतरच्या आखाजीला ते बहिणीला न्यायला आले नाहीत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा ती मोठी. भाऊ न्यायला येतो, लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात, पोटभर गाणी म्हणतात. ज्या बाईला आखाजीला कोणी न्यायला आलं नाही, तिला माहेर नाही. अक्कांनी पहिल्या वर्षी पिशवी भरून ठेवली होती, हे मला गुरुजींनी पुढे सांगितलं. दुसऱ्या वर्षी पिशवी भरली नाही, पण दिवसभर ओट्यावर काही ना काही काम काढून बसल्या. त्या दिवशी मी नेमकी त्यांच्याकडे होते. गहू निवडत होत्या. सुपातला तो गहू सकाळपासून चारदा निवडून झाला होता. मी म्हटलं, "अक्का, आणखी किती निवडाल?" तर म्हणाल्या, "तू तुझं पत्रक वाच." बस. पुढल्या वर्षांत त्यांनी माहेराचा विषय काढला नाही आणि आमच्यापैकी कोणाची विचारायची छाती झाली नाही.

मग पुढली जिल्हा परिषद आली. तो फितूर पुन्हा उभा, आता सरकारपक्षाकडून, आणि त्याच्यासमोर आमच्या पक्षाचा एक साधा शेतकरी कार्यकर्ता. बातमी आली की अक्कांच्या माहेरच्या गावाने ठरवलंय, यंदा मतदानच करायचं नाही. ना ह्याला, ना त्याला. मोहनभाऊंचा जीव वरखाली व्हायला लागला. मोहनभाऊ म्हणजे मारवाड्यांच्या घरातले, वडिलांची धुळ्याच्या बाजारात धान्याची मोठी पेढी, आणि हा मुलगा गादीवर बसायचं सोडून क्रांती करायला निघालेला. माणूस सोन्यासारखा, पण कुठलीही गोष्ट अभ्यासवर्ग घेतल्याशिवाय करायची नाही. आग लागली तरी आधी आगीची कारणं फळ्यावर लिहील. त्यांनी पक्षाच्या कार्यालयात वर्ग घेतला, 'मतदार उदासीन का होतो?' फळ्यावर खडूने रकाने आखले. अज्ञानी मतदार, दबलेला मतदार, विकला गेलेला मतदार, हताश मतदार. आम्ही वहीत उतरवून घेतोय. मागून अक्का उठल्या. "मोहनभाऊ, यात माझा भाऊ कुठे बसतो?" म्हणाल्या. मोहनभाऊंनी फळ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याचा आपण वेगळा विचार करू."

वेगळा विचार असा झाला की आम्ही सगळे जीपमध्ये बसून गावावर चालून गेलो. अक्का येत नव्हत्या, त्यांना जवळजवळ उचलून घातलं. भुसावळहून रेल्वे कामगारांचे एक नामांकित वक्ते आणले होते. त्यांनी कर्ण्यावरून तासभर सांगितलं की मतदानावर बहिष्कार म्हणजे प्रतिगाम्यांच्या हातात कोलीत, जो मत देत नाही तो लोकशाहीचा गळा आपल्या हाताने दाबतो, वगैरे. एवढ्या लांब येऊन आम्ही त्या लोकांना गुन्हेगार ठरवून मोकळे झालो! पण गावाने शांतपणे ऐकलं. बहुतेक पुरुष आले होते, बायका दारांतून पाहत होत्या. सभा संपल्यावर आम्हाला चहा दिला, बशीत घालून दिला. गावचे म्हातारे आबा अक्कांना म्हणाले, "इंदू, आमनं आते काही सांगनं नही. तू चहा पी नि जाय." हिंमतभाऊ सभेला नव्हते. अक्का भावाच्या घरावरून चालत गेल्या तेव्हा दार लोटलेलं होतं.

परतताना जीपमध्ये मोहनभाऊ खुशीत. "सभा किती शिस्तीत झाली! एकही आडवा प्रश्न नाही!" वक्तेही म्हणाले, समजूतदार गाव आहे. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. साक्री मागे पडल्यावर एकदम कडाडल्या, "समजूतदार कसलं! अहो, त्या गावाने मला एक शिवीसुद्धा दिली नाही." मोहनभाऊंना कळेना. अक्का म्हणाल्या, "मी त्यांना फसवलं. त्यांचं एक पोर गेलं. आणि ते मला बशीतून चहा देतात! पाहुणीला देतात तसा! मी त्या गावची लेक आहे हो, माझ्या झिंज्या धरायला पाहिजे होत्या त्यांनी." आणि घळाघळा रडल्या. अक्कांना रडताना मी तेव्हा पाहिलं, आधी कधी नाही. वक्त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि धुळं येईपर्यंत पुसतच राहिले.

पुढे आठवडाभर अक्का कार्यालयात फिरकल्या नाहीत. मग एक दिवस मला निरोप आला, आखाजीला माझ्याबरोबर माहेरी चल. मी सुट्टीत धुळ्यालाच होते. गेले आणि म्हटलं, "अक्का, न्यायला कोण आलंय?" "कोणी नाही." "मग? न बोलावता?" "हो, न बोलावता." गुरुजी शांतपणे म्हणाले, "सुमनताई, जा तुम्ही. मी तीन दिवस समजावतोय, माझे हात टेकले." मोहनभाऊंना सुगावा लागला. त्यांना वाटलं आखाजीला बायका जमणार म्हणजे आयती सभा. पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून तेही एसटीत आमच्या मागच्या बाकावर.

आता 'बार' सांगायला हवा. आखाजीला पोरीबाळी गौराई नदीवर नेतात, तेव्हा दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. साध्या नाही हो, कुळी उद्धरणाऱ्या! वर्षभर तोंडाला पदर लावून राहिलेल्या सुना त्या दिवशी जे बोलतात ते छापलं तर माझी नोकरी जाईल. पूर्वी दगडही मारायचे म्हणे. याला बार म्हणतात. आणि त्याचा नियम असा, की बारात बोललेलं कोणी घरी न्यायचं नाही. शिव्या संपल्या की हसायचं, घरी जाऊन पुरणपोळी खायची. सासू असो नाहीतर नणंद, राग धरायचा नाही.

आम्ही एसटीतून उतरून नदीवर पोचलो तेव्हा बार ऐन रंगात होता. सडक अलीकडच्या काठाला येते, त्यामुळे आम्ही आपोआपच परक्या गावाच्या बायकांत जाऊन उभ्या राहिलो. पलीकडे अक्कांचं गाव. ऊन असं की वाळूकडे बघवत नव्हतं. मोहनभाऊ दूर एका निंबाखाली थांबले, आणि कानांवर पहिल्या चार शिव्या पडल्याबरोबर त्यांनी पत्रक तोंडापुढे धरलं. अक्कांनी अलीकडच्या बायकांना विचारलं, "माले बी उभं राहू द्यात का?" त्या हसल्या, सरकल्या. पण अक्का त्यांच्यात थांबल्या नाहीत. पदर खोचला आणि एकट्याच पुढे वाळूत उतरल्या, मधोमध. पलीकडच्यांनी ओळखलं. आणि आवाज बंद झाला. पुन्हा तेच मौन! मला वाटलं, आता कोणीतरी चहा आणणार बशीत घालून.

अक्का मोठ्याने ओरडल्या, "कसाले मुक्या झाल्यात व? मी बारले उनी शे! द्या ना शिव्या!" तेवढ्यात मागून एक ठेंगणी बाई गर्दी फाडत पुढे आली. केसरवहिनी, हिंमतभाऊंची बायको, अक्कांची भावजय. दोन्ही हात कमरेवर. "फरशी कोठे शे व इंदू?" ती किंचाळली. "तुना पदरमा बांधी ठेवी का?" आणि मग धरण फुटलं! काय एकेकीची जीभ! भावाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, धुळ्याचं पाणी प्यायली नि माहेराला विसरली, तुझ्या त्या सभापतीच्या अमक्यात तमकं... केसरवहिनी तर पाच वर्षांचं साचलेलं बोलत होती. ज्या बाईचं पोर गेलं होतं ती शिवी देत नव्हती, ती नुसती विचारत होती, "मना पोर्‍या कोठे शे? सांग, मना पोर्‍या कोठे शे?" अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. त्या बाईला त्यांनी उत्तर दिलं नाही.

बाकीच्यांना मात्र दिलं. बारात गप्प राहायचं नसतं. "हा, मीच सांगं व्हतं त्याले मत द्या!" त्या ओरडल्या, "मनंच डोकं फिरेल व्हतं! पन तुम्ही बठ्ठ्या पाच वरीस कोठे व्हत्यात? त्याना दारमा जाईसन एक तरी शिवी दिन्ही का? मालेच देतस! मी सोपी शे ना, घरनी शे ना!" पलीकडे एकदम खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "खरं शे व!" मग दोन्हीकडून पुन्हा सुरू. पण आवाजाचा बाज बदलला होता, कान असेल त्याला कळत होतं. मी अहिराणी अर्धीमुर्धी समजणारी, मलाही कळलं. शेवटी केसरवहिनीचा घसा बसला. ती वाळू तुडवत मधोमध आली, अक्कांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं आणि म्हणाली, "आते घर चाल. पुरनपोळी थंडी व्हई राहिनी." अक्कांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मोहनभाऊ निंबाखालून पळत येऊन मला विचारतात, "सुमनताई, बहिष्काराच्या ठरावाचं काय झालं?" मी म्हटलं, "चला जेवायला."

हिंमतभाऊ ओसरीवर बसले होते. उठले नाहीत. पण बहीण पायऱ्या चढली तसे थोडे सरकले आणि बाजूची जागा हाताने झाडली. अक्का तिथे बसल्या. जेवणं झाल्यावर हळूहळू ओसरी भरली, आबा आले, बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मोहनभाऊ बोलायला घसा साफ करत होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

अक्का म्हणाल्या, आणि हे मी माझ्या मराठीत सांगते, "फरशीचा शब्द मी आज देणार नाही. एकदा देऊन बसलेय. मत आम्हालाच द्या असंही म्हणत नाही. पण तो माणूस म्हणतोय, हे गाव घरात बसतंय तर बरंच आहे, एक कटकट गेली. ज्या गावाचं मत नाही त्या गावाची भीती कशाला बाळगील तो? तुम्ही मत द्या. कोणालाही द्या. मग जो निवडून येईल, आमचा असो की तो, त्याच्या दारात तुमच्याबरोबर मी येते." हिंमतभाऊ तेव्हा पहिल्यांदा बोलले. "आनि तुमना हाऊ मानूस बी फिरी गया तर?" अक्का म्हणाल्या, "तर पुढल्या आखाजीले पुन्हा बार. मी येसू." हिंमतभाऊ हसले नाहीत. "येशी ना?" एवढंच विचारलं.

परतताना एसटीत मोहनभाऊ माझ्यावर उखडले. "कोणालाही द्या? कोणालाही? मग आपण एवढी वर्षं काय करतोय?" शिवाय त्यांच्या ध्यानात आलं होतं की बारात सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या होत्या त्या माहेरवाशिणी, त्यांची नावं सासरच्या यादीत. "त्यांची इथे मतंच नाहीत, सुमनताई!" पुढच्या बाकावरून अक्का मागे न बघता म्हणाल्या, "त्यांच्या आयांची आहेत ना." मोहनभाऊंनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, हे वर्गात घ्यायला पाहिजे.

मतदानाला गाव गेलं. बायका आधी गेल्या, गाणी म्हणत. त्या केंद्रावर फितुराला सपाटून मार बसला. पण बाकी गटात त्याचा पैसा आणि गाड्या चालल्या, आणि निवडून तोच आला. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. आमचा माणूस पडला, मोहनभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. अक्का मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेल्या आणि बायकांना घेऊन त्याच्या दारात. पुढे धुळ्याच्या कचेरीतही. साहेब लोक बाहेर यायला घाबरायचे, कारण या बायका निवेदन वाचून दाखवत नसत, बार घालायच्या. फरशी झाली. व्हायला वर्षं गेली, आणि पहिल्याच मोठ्या पुरात निम्मी वाहूनही गेली. मग पुन्हा मोर्चे, पुन्हा डागडुजी. हे सगळं असंच चालतं आणि असंच चालणार. पण त्या गावाने त्यानंतर मतदानाला पाठ दाखवली नाही. आणि पुढच्या आखाजीला, पक्षाची जिल्हा बैठक अक्कांच्या घरात भरलेली असताना, हिंमतभाऊ धुतलेलं धोतर नेसून दारात उभे राहिले. आत आलेच नाहीत. "चालनं शे ना?" म्हणाले. मोहनभाऊंचं भाषण मधोमध होतं. अक्का उठल्या, पाच मिनिटांत पिशवी भरली आणि गेल्या. आम्ही बैठक तशीच पुढे चालवली, चहा गुरुजींनी केला.

आता त्या दिवसाचं. मी धुळ्याला पोचले तेव्हा घरासमोर पक्षाची माणसं. अक्कांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं की माझ्यामागे कसले विधी नकोत. मोहनभाऊ पक्षाचा झेंडा घेऊन आले होते, तो पांघरायचा ठरला होता. तरी गुरुजी "थोडं थांबू" म्हणत होते, कारण विचारलं तर सांगत नव्हते. मग एक ट्रॅक्टर आला, ट्रॉली माणसांनी खच्चून भरलेली. हिंमतभाऊ उतरले. त्यांच्या हातात हिरवं लुगडं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं घालायचं, ही आमच्याकडची रीत. पक्षाचा एक तरुण पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, अक्कांनी विधी नको म्हटलं होतं." हिंमतभाऊ लुगडं घेऊन तसेच उभे राहिले. केसरवहिनी बोलली. ओरडली नाही, घसा बसला होता तिचा रडून. "तुमना झेंडा ठेवा भाऊ, त्याले कोन नही म्हनस? पन आमनी पोर शे ती. आमी तिले उघडी कशी जाऊ देऊत?" मोहनभाऊंनी त्या तरुणाला मागे ओढलं. आधी लुगडं घातलं, मग त्यावर झेंडा, आणि झेंड्याची कड मोहनभाऊंनी दुमडून ठेवली, हिरवा काठ दिसावा म्हणून.

मग मला दिसलं की ट्रॉलीतून उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या काखेत काही ना काही आहे. आबांच्या सुनेने लुगडं आणलं होतं. पलीकडच्या आळीच्या बायकांनी आणलं होतं. ज्या बाईचं पोर गेलं होतं, तिने आणलं होतं, नवं घेण्याची ऐपत नसावी, आपलंच एकदा नेसलेलं, धुऊन घडी घातलेलं. रीतीप्रमाणे माहेरचं लुगडं एका घरातून येतं, सख्ख्या भावाच्या. इथे घरोघरून आलं होतं. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि ट्रॉलीत बसल्यावर एकमेकींच्या काखा बघून त्यांना कळलं म्हणे. एवढी लुगडी नेसवता येत नाहीत. ती पायथ्याशी ठेवली. नंतर त्या परत न्यायला तयार होईनात, दिलेलं माहेरचं वस्त्र परत नेत नाहीत म्हणाल्या.

परवा मी गुरुजींना भेटायला गेले होते. ती लुगडी त्यांनी मधल्या खोलीतल्या वळणीवर घातली आहेत, हिरवी, लाल, जांभळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. स्वयंपाकघरात जायचं तर त्यांना हाताने बाजूला सारून जावं लागतं. मी म्हटलं, "गुरुजी, देऊन टाका कोणा गरजू बायकांना. अक्कांनी तेच केलं असतं." गुरुजी म्हणाले, "हो, द्यायला हवीत," आणि दोन लुगडी सारून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. मी त्या खोलीत एकटी उभी होते. कोऱ्या सुताचा वास भरून राहिला होता. ते एकदा नेसलेलं लुगडं अगदी कडेला होतं, मी त्याला हात लावला आणि मला रडू कोसळलं. गुरुजी पाणी घेऊन आले, तांब्या खाली ठेवला आणि माझं होईपर्यंत दाराशी थांबून राहिले.